आपल्या प्रोसेसरसाठी लिनक्स कर्नल स्वतः कंपाइल करताना

डेबियन, उबुंटू किंवा फेडोरा या लिनक्स वितरणांबरोबर येणारा कर्नल (म्हणजे हार्डवेअर आणि प्रोग्रॅम यांच्यामधला सिस्टिमचा गाभा) 2003 सालच्या ऑप्टेरॉनपासून आजच्या रायझनपर्यंत सगळीकडे चालावा अशा बेताने बनवलेला असतो. म्हणून ‘माझ्याच प्रोसेसरसाठी कर्नल बनवला तर मशीन पळायला लागेल’ असं वाटणं साहजिक आहे. ते अर्धंच खरं आहे. कोणतं अर्धं, हे आधी समजून घेतलं तर पुढचे कष्ट योग्य जागी पडतात.

कंपायलरला (सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनाला) प्रोसेसरचं नाव सांगितलं की तो त्या पिढीतल्या नव्या सूचना वापरतो आणि सूचनांचा क्रम त्या चिपच्या रचनेनुसार लावतो. साध्या प्रोग्रॅममध्ये यातला मोठा फायदा एव्हीएक्ससारख्या व्हेक्टर सूचनांतून (एका वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या) येतो. पण कर्नलच्या सर्वसाधारण कोडमध्ये एसएसई आणि एव्हीएक्स मुद्दाम बंद ठेवलेले असतात. तसं केलं नाही तर प्रत्येक सिस्टिम कॉलच्या (प्रोग्रॅमने कर्नलकडे काम मागण्याच्या) वेळी त्यांचे मोठे रजिस्टर (प्रोसेसरमधल्या साठवणीच्या जागा) जपून ठेवून परत भरावे लागतील आणि वेग वाढण्याऐवजी घटेल. एन्क्रिप्शन आणि रेडच्या (अनेक डिस्क एकत्र वापरण्याच्या पद्धतीच्या) हिशेबांत एव्हीएक्स वापरलं जातं, पण तो कोड हाताने लिहिलेला असतो आणि कोणता प्रकार वापरायचा ते कर्नल चालू असताना, समोरचा प्रोसेसर पाहून ठरतं. मेमरी कॉपी करण्यासारखी अगदी मुळातली कामंसुद्धा बूट होताना प्रोसेसर पाहून जागच्या जागी बदलली जातात. थोडक्यात, वितरणाचा तयार कर्नल तुमच्या चिपशी बराचसा जुळवून घेतच असतो.

मग हाती काय लागतं? कंपायलरच्या पर्यायातून थोडंसं. खरा फायदा होतो तो कॉन्फिगरेशन आपल्या मशीनपुरतं केल्यामुळे: कंपाइल लवकर होतं, हजारो अनावश्यक मॉड्यूल (गरजेला लोड होणारे कर्नलचे सुटे भाग, बहुतेक ड्रायव्हर) जातात, इनिट-रॅम-एफएस (बूटच्या सुरुवातीला रॅममध्ये उघडणारी छोटी फाइलसिस्टिम) लहान होतो, आणि न वापरलेल्या ड्रायव्हरमधल्या सुरक्षा-त्रुटींची काळजी उरत नाही. या लेखात दोन्ही करू, पण जास्त लक्ष दुसऱ्याकडे देऊ.

उदाहरणासाठी मशीन घेऊ एएमडीचा रायझन 7 5700एक्स (झेन 3 पिढी, 8 कोर, 16 थ्रेड) आणि त्यावर डेबियन 13. इंटेलसाठी कुठे वेगळं वागायचं ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत छोट्या अक्षरांत टाकायच्या. कॉन्फिगरेशनमधल्या पर्यायांची नावं मात्र मोठ्या अक्षरांत असतात.

आधी प्रोसेसर आणि कंपायलर तपासा

‘एलएससीपीयू’ चालवा. मॉडेलचं नाव आणि थ्रेडची संख्या लिहून ठेवा. मग कंपायलर काय ओळखतो ते पाहा: ‘जीसीसी -मार्च=नेटिव्ह -क्यू --हेल्प=टार्गेट’, आणि आउटपुटमध्ये ‘मार्च’ (कंपायलरला प्रोसेसरची पिढी सांगणारा पर्याय) शोधा. आपल्या उदाहरणात तिथे ‘झेडएनव्हीईआर3’ यायला हवं.

वेगळंच नाव आलं तर बहुतेक वेळा कंपायलर जुना असतो. झेन 3 आणि इंटेल अल्डर लेक ही नावं जीसीसी 11 पासून आहेत. झेन 4 जीसीसी 12.3 आणि 13 मध्ये आलं, झेन 5 जीसीसी 14 मध्ये. डेबियन 12 वर जीसीसी 12.2 आहे, म्हणजे त्यावर झेन 4 चं नाव मिळणारच नाही. डेबियन 13 वर जीसीसी 14.2 असल्याने तिथे ही अडचण येत नाही.

सामान

डिस्कवर किमान 12 जीबी मोकळी जागा ठेवा. डीबग माहिती चालू ठेवणार असाल तर याच्या दुपटीहून जास्त लागते. रॅम 8 जीबी असली तरी चालतं, पण शेवटच्या लिंकिंगच्या टप्प्यात ती भरते. त्या वेळी ब्राउझर बंद ठेवा.

डेबियन-उबुंटूवर ही पॅकेजं लागतात: बिल्ड-इसेन्शियल, बीसी, बायसन, फ्लेक्स, लिबएसएसएल-डेव्ह, लिबएल्फ-डेव्ह, लिबडीडब्ल्यू-डेव्ह, लिबएनकर्सेस-डेव्ह, ड्वार्व्ह्ज, डेबहेल्पर, आरसिंक, सीपीआयओ, केमॉड. एखादं राहिलं तर पॅकेज बनवताना ‘अनमेट बिल्ड डिपेन्डन्सीज’ असा संदेश येतो आणि त्यात नाव दिलेलं असतं. तेवढं बसवून पुन्हा सुरू करा.

सोर्स कर्नल डॉट ऑर्गवरून घ्या. कोणती आवृत्ती घ्यायची हा निर्णय महत्त्वाचा आहे. 6.16 पासून 64 बिटी एक्स86 साठी ‘एक्स86_नेटिव्ह_सीपीयू’ हा पर्याय कर्नलच्या आतच मिळतो. तो ‘वाय’ (चालू) केला की काम झालं. 6.12 ही दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती आहे, पण तिच्यात हा पर्याय नाही. तिथे कंपायलरचा पर्याय बाहेरून द्यावा लागतो, ते पुढे येतं. जुन्या लेखांत ‘प्रोसेसर फॅमिली’ या यादीतून कोअर 2 किंवा ऑप्टेरॉन निवडायला सांगितलेलं आढळेल. नव्या आवृत्त्यांत 64 बिटसाठी ती यादीच काढून टाकली आहे, त्यामुळे ती शोधत बसू नका.

टारबॉलबरोबरची (सोर्सच्या दाबलेल्या फाइलबरोबरची) सहीची फाइलही उतरवा. इथे नवखे हमखास अडकतात: सही दाबलेल्या .एक्सझेड फाइलवर नसते, ती आतल्या .टार फाइलवर असते. आधी ‘अनएक्सझेड’ करा, मग ‘जीपीजी --व्हेरिफाय’. उलट क्रमाने केलं तर ‘बॅड सिग्नेचर’ येतं आणि फाइल चांगली असूनही माणूस तीच पुन्हा पुन्हा उतरवत राहतो.

सोर्स आपल्या होम फोल्डरमध्ये उघडा आणि सगळं बिल्डिंग साध्या यूजरनेच करा. रूटची गरज फक्त शेवटी बसवताना लागते.

कॉन्फिगरेशन मशीनपुरतं करणं

सगळ्या कामाचा गाभा हाच टप्पा आहे. घाई केली तर त्याचा त्रास नंतर आठवडाभर तुकड्या-तुकड्यांनी होतो.

चालू कर्नलची कॉन्फिग फाइल /बूट फोल्डरमधून सोर्सच्या फोल्डरमध्ये ‘.कॉन्फिग’ या नावाने कॉपी करा. नंतर ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ ही आज्ञा या क्षणी लोड झालेली मॉड्यूल पाहून बाकीची सगळी बंद करते. ‘या क्षणी’ यावर भर आहे. जे यंत्र आत्ता जोडलेलं नाही त्याचा ड्रायव्हर जाणार.

म्हणून आज्ञा देण्याआधी सगळं जोडून आणि वापरून घ्या. पेनड्राइव्ह लावा, एक्सफॅट आणि एनटीएफएस डिस्क माउंट करा, वेबकॅम चालू करा, हेडफोन ब्लूटूथवर जोडा, फोनवरून यूएसबी टेदरिंग करून पाहा. व्हीपीएन वापरत असाल तर वायरगार्ड चालू करा. व्हर्च्युअल मशीन चालवत असाल तर एखादं सुरू ठेवा, म्हणजे केव्हीएमचं (कर्नलमधल्या व्हर्च्युअलायझेशनचं) एएमडी मॉड्यूल लोड होईल. डॉकरचा एक कंटेनर नेटवर्कसह चालू ठेवा. नव्या कर्नलवर सर्वांत जास्त वेळा डॉकरच बंद पडतं, कारण ओव्हरले, ब्रिज, व्हीईथ आणि एनएफटेबल्सची मॉड्यूल कंटेनर चालू असतानाच लोड होतात.

एवढं करूनही काहीतरी राहतंच. त्यासाठी ‘एलएमसी_कीप’ हा पर्याय आहे. त्यात ‘ड्रायव्हर्स/यूएसबी:ड्रायव्हर्स/हिड:एफएस’ असे फोल्डर दिले तर त्यांतल्या मॉड्यूलना हात लागत नाही. पहिल्यांदा करत असाल तर हे नक्की वापरा. थोडी जास्त मॉड्यूल राहतील आणि कंपाइलला काही मिनिटं जास्त लागतील, पण उद्या मित्राचा पेनड्राइव्ह न दिसण्यापेक्षा ते बरं.

आज्ञा चालताना नव्या पर्यायांविषयी प्रश्न विचारले जातात. समजत नसेल तिथे एंटर दाबा, कर्नलकर्त्यांनी ठरवलेलं उत्तर घेतलं जाईल.

आता ‘मेक मेनूकॉन्फिग’ उघडा. स्लॅश दाबून पर्यायाचं नाव टाकलं की तो कुठे आहे ते कळतं. पाहण्यासारख्या जागा या:

‘एक्स86_नेटिव्ह_सीपीयू’ चालू करा. जीसीसीऐवजी क्लँग वापरत असाल तर हा पर्याय क्लँग 19.1 पासूनच दिसतो.

‘एनआर_सीपीयूएस’ म्हणजे कर्नल जास्तीत जास्त किती थ्रेड धरेल तो आकडा. वितरणांत तो बऱ्याचदा 8192 असतो, कारण तोच कर्नल मोठ्या सर्व्हरवरही चालवायचा असतो. ‘मॅक्सएसएमपी’ चालू असेल तर आकडा बदलता येत नाही, म्हणून आधी ते बंद करा. आमचा सल्ला: 16 थ्रेड असले तरी 16 लिहू नका, 32 लिहा. त्याच एएम4 बोर्डवर उद्या 5950एक्स बसवला तर त्याला 32 थ्रेड असतात. जुन्या आकड्यात अर्धे थ्रेड दिसणारच नाहीत आणि कारण शोधण्यात संध्याकाळ जाईल.

वारंवारता नियंत्रणासाठी एएमडीवर ‘एक्स86_एएमडी_पीस्टेट’, इंटेलवर ‘एक्स86_इंटेल_पीस्टेट’ चालू आहे ना, ते पाहा. वेगात जाणवेल असा फरक याने पडतो, ‘मार्च’ने नाही. इंटेलच्या पी-कोर (वेगवान) आणि ई-कोर (कमी वीज खाणारे) असलेल्या चिपवर ‘शेड_एमसी_प्रायो’ आणि ‘इंटेल_एचएफआय_थर्मल’ चालू ठेवा. कोणत्या कोरवर काम टाकायचं हे शेड्यूलरला (कर्नलमधल्या काम वाटणाऱ्या भागाला) त्यातून कळतं.

टायमरचा वेग 100, 250, 300 किंवा 1000 हर्ट्झ ठेवता येतो. डेस्कटॉपला 1000, सर्व्हरला 250 ठीक. प्रीएम्प्शनसाठी (चालू काम मध्येच थांबवून दुसऱ्याला वेळ देण्याच्या धोरणासाठी) मात्र पुन्हा कंपाइल करायची गरज नाही. ‘प्रीएम्प्ट_डायनॅमिक’ चालू असेल तर बूट ओळीत ‘प्रीएम्प्ट=फुल’ लिहून प्रयोग करता येतो.

सुरक्षेचे उपाय बंद करू नका. ‘मिटिगेशन’ने सुरू होणारे पर्याय बंद केले की वेग वाढतो अशा सूचना सर्रास मिळतात. झेन 3 आणि झेन 4 वर ऑगस्ट 2023 मध्ये जाहीर झालेली इन्सेप्शन ही त्रुटी लागू होते, आणि तिच्यावरचा उपाय याच पर्यायांत आहे. प्रोसेसरनुसार कर्नल बनवणं यात हेही धरायला हवं.

इंटेलचा कोड एएमडीवरून काढून टाकण्याचा मोह टाळा. ‘एक्स्पर्ट’ चालू करून ते जमतं, पण वाचतात ते काही किलोबाइट.

ग्राफिक्स आणि वायफायचे ड्रायव्हर ‘वाय’ न करता ‘एम’च (वेगळं मॉड्यूल) ठेवा. कर्नलच्या आत घातले तर ते डिस्क माउंट होण्याआधीच जागे होतात, त्यांना फर्मवेअरची (यंत्रात भरायच्या प्रोग्रॅमची) फाइल सापडत नाही, आणि स्क्रीन काळी राहते किंवा वायफाय दिसत नाही.

‘लोकलव्हर्शन’मध्ये हायफन देऊन एक छोटं रोमन नाव द्या. हे टाळलं आणि वितरणाच्या कर्नलशी नाव जुळलं, तर एकाची मॉड्यूल दुसऱ्यावर लिहिली जातात.

दोन गोष्टी ज्या बिल्ड हमखास थांबवतात

पहिली: वितरणाच्या कॉन्फिगमध्ये ‘सिस्टिम_ट्रस्टेड_कीज’ या पर्यायात त्यांच्या प्रमाणपत्राच्या फाइलचा पत्ता असतो. ती फाइल तुमच्याकडे नसते, आणि बिल्ड ‘नो रूल टु मेक टार्गेट’ म्हणून थांबतो. संदेशात ‘सर्ट्स’ हा शब्द दिसला की हेच कारण. ‘स्क्रिप्ट्स/कॉन्फिग --सेट-एसटीआर’ वापरून तो पर्याय रिकामा करा, आणि ‘सिस्टिम_रिव्होकेशन_कीज’ही.

दुसरी: ‘बीटीएफ’ (बीपीएफ, म्हणजे चालू कर्नलमध्ये छोटे प्रोग्रॅम घालण्याच्या सोयीला लागणारी माहिती) तयार करताना ‘पाहोल’ हे साधन सापडत नाही. ते ड्वार्व्ह्ज पॅकेजमध्ये आहे. बीपीएफची साधनं वापरत नसाल तर मेनूत ‘कर्नल हॅकिंग’खाली डीबग माहितीच बंद करा. बिल्डचा वेळ आणि जागा दोन्ही मोठ्या प्रमाणात वाचतात.

कंपाइल

6.16 किंवा पुढच्या आवृत्तीवर: ‘मेक -जे16 बाइंडडेब-पीकेजी’. 16 च्या जागी ‘एनप्रॉक’ जो आकडा देईल तो. 6.12 वर याच ओळीत ‘केसीफ्लॅग्स=-मार्च=झेडएनव्हीईआर3’ जोडा. हा पर्याय प्रत्येक वेळी अगदी तसाच द्यायचा. एकदा विसरलात तर बिल्ड व्यवस्थेला आज्ञा बदललेली दिसते आणि झालेलं सगळं पुन्हा कंपाइल होतं.

दुसऱ्या मशीनसाठी कर्नल बनवत असाल तर ‘नेटिव्ह’ कधीच वापरू नका, प्रोसेसरचं नाव द्या. झेन 4 वर ‘नेटिव्ह’ने बनवलेला कर्नल जुन्या मशीनवर नेला तर पहिल्या अनोळखी सूचनेला ‘इनव्हॅलिड ऑपकोड’ होऊन थांबतो, आणि बऱ्याचदा इतक्या लवकर की पडद्यावर काहीच उमटत नाही.

‘-ओ3’ लावण्याची गरज नाही. कर्नल ‘-ओ2’वर घासूनपुसून तपासलेला आहे. कंपायलरकडून खरंच जास्त काढायचं असेल तर पुढची पायरी आहे क्लँगचं थिन एलटीओ (लिंक करताना सगळा कोड एकत्र पाहून केलेली सुधारणा), आणि 6.13 पासून आलेलं ऑटोएफडीओ, ज्यात तुमच्या कामाची प्रत्यक्ष नोंद घेऊन त्यानुसार कोडची मांडणी होते. ती वाट पहिल्या बिल्डनंतर धरा.

चूक आली की शेवटची ओळ पाहून उपयोग नसतो, कारण 16 कामं एकदम चालू असतात आणि खरी चूक पन्नास-शंभर ओळी वर राहते. आउटपुट ‘टी’ या आज्ञेने फाइलमध्ये घ्या आणि तिथे ‘एरर’ हा शब्द पहिल्यांदा कुठे येतो ते शोधा.

एक लक्षण वेगळं ओळखा. ‘इंटर्नल कंपायलर एरर’ किंवा ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ दर वेळी वेगळ्याच फाइलवर येत असेल, तर दोष सोर्समध्ये नसतो. रॅम एक्सएमपीच्या (बायोसमधल्या वाढीव वेगाच्या सेटिंगच्या) वेगाला टिकत नाही, किंवा प्रोसेसर तापतोय. बायोसमध्ये रॅम मूळ वेगावर आणा आणि पुन्हा करून पाहा. लॅपटॉप असेल तर गादीवरून उचलून टेबलावर ठेवा.

बिल्ड झाल्यावर पर्याय खरंच लागू झाला का ते तपासा. ‘कर्नल/शेड’ फोल्डरमध्ये ‘.कोअर.ओ.सीएमडी’ नावाची लपलेली फाइल असते. शेड्यूलरची मुख्य फाइल कोणत्या आज्ञेने कंपाइल झाली ती पूर्ण ओळ तिच्यात असते. तिच्यात ‘मार्च’ शोधा. त्याच ओळीत ‘-एमनो-एसएसई’ आणि ‘-एमनो-एव्हीएक्स’ही दिसतील. सुरुवातीला सांगितलेली मर्यादा ती हीच.

बसवणं आणि पहिला बूट

सोर्सच्या एक पायरी वरच्या फोल्डरमध्ये पॅकेजं तयार होतात. ‘लिनक्स-इमेज’ बसवा. एनव्हिडिया किंवा व्हर्च्युअलबॉक्सची मॉड्यूल डीकेएमएसने (प्रत्येक कर्नलसाठी बाहेरची मॉड्यूल आपोआप बनवणाऱ्या साधनाने) बनत असतील तर ‘लिनक्स-हेडर्स’ही बसवा. ‘लिनक्स-लिबसी-डेव्ह’ बसवू नका, त्याची गरज नाही.

वितरणाचा कर्नल काढू नका. कधीच नाही. काही बिघडलं तर परतीचा रस्ता तोच आहे.

सिक्युअर बूट (फक्त सही असलेलाच कर्नल चालू देणारी सोय) चालू असेल तर विनासहीचा कर्नल बूट होत नाही, ‘बॅड शिम सिग्नेचर’ असा संदेश येतो. एक तर बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करा, किंवा स्वतःची किल्ली बनवून ‘मोकयूटिल’ने नोंदवा आणि ‘एसबीसाइन’ने कर्नलवर सही करा.

पहिला बूट सुरक्षितपणे करण्यासाठी ग्रबच्या (कर्नल निवडून सुरू करणाऱ्या बूटलोडरच्या) सेटिंगमध्ये ‘ग्रब_डिफॉल्ट=सेव्हड’ ठेवा, ‘ग्रब-सेट-डिफॉल्ट’ने जुना कर्नल ठरवा, आणि नवा कर्नल ‘ग्रब-रिबूट’ने फक्त एका वेळेसाठी निवडा. तो अडकला तर रीसेट दाबल्यावर मशीन आपोआप जुन्यावर येतं. बूट ओळीत ‘पॅनिक=10’ जोडलं तर पॅनिक झाल्यावर (कर्नल दुरुस्त न होणाऱ्या चुकीने थांबल्यावर) 10 सेकंदांनी रीसेटही स्वतःच होतो. दूरच्या सर्व्हरवर हे करत असाल तर या दोन गोष्टींशिवाय हात लावू नका.

‘व्हीएफएस: अनेबल टु माउंट रूट एफएस’ असा पॅनिक आला तर तीनपैकी एक कारण असतं: इनिट-रॅम-एफएस बनलाच नाही (/बूट भरलं आहे का पाहा), एनव्हीएमई किंवा साटाचा ड्रायव्हर कॉन्फिगमधून गेला, किंवा ईएक्सटी4, बीटीआरएफएस, डीएम-क्रिप्ट यांपैकी तुमचं जे आहे ते गेलं. जुन्या कर्नलवर या, ‘.कॉन्फिग’मध्ये तो पर्याय चालू करा आणि पुन्हा बिल्ड करा. बदललेला भागच कंपाइल होईल, त्यामुळे दुसऱ्यांदा फार वेळ लागत नाही.

तपासणी आणि मोजमाप

‘यूनेम -आर’ने नाव पाहा. ‘जर्नलसीटीएल -के -पी ईआरआर’ने चुका पाहा आणि जुन्या कर्नलच्या याच यादीशी ताडून बघा. काही चुका तिथेही असतात, त्या तुमच्या नाहीत. मग आवाज, ब्लूटूथ, प्रिंटर, आणि विशेषतः मशीनचं झोपून उठणं (सस्पेंड) तपासा.

वेग मोजताना वितरणाच्या कर्नलशी तुलना करू नका, कारण तिथे आवृत्ती आणि शेकडो पर्याय वेगळे असतात. त्याच सोर्समधून, त्याच कॉन्फिगने, फक्त ‘नेटिव्ह’ बंद करून दुसरा कर्नल बनवा आणि त्याला वेगळं ‘लोकलव्हर्शन’ द्या. सीपीयूचा गव्हर्नर (वारंवारता ठरवणारं धोरण) ‘परफॉर्मन्स’वर ठेवा. ‘पर्फ बेंच शेड पाइप’ आणि ‘पर्फ बेंच शेड मेसेजिंग’ दोन्हींवर दहा-दहा वेळा चालवा आणि आकड्यांचा मध्य घ्या. एकाच कर्नलच्या दहा आकड्यांत जेवढा चढउतार असेल, त्याहून दोन कर्नलमधला फरक कमी असेल तर फरक नाही असं समजा. बहुतेक कामांत असंच दिसतं. नेटवर्क आणि फाइलसिस्टिमवर सतत ताण असलेल्या सर्व्हरवर थोडा फायदा दिसू शकतो. गेममध्ये फ्रेम वाढतील ही अपेक्षा ठेवू नका, कारण तिथला वेळ कर्नलबाहेर जातो.

यानंतरची जबाबदारी

स्वतःचा कर्नल वापरायला लागलात की सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप येत नाहीत. कर्नलची नवी मुख्य आवृत्ती साधारण 9 ते 10 आठवड्यांनी येते, आणि तिच्या आधीच्या स्थिर आवृत्तीला त्यानंतर लवकरच दुरुस्त्या मिळणं बंद होतं. दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती घेतली असेल तर तेवढी धावपळ होत नाही, पण तिच्या दुरुस्त्याही तुम्हालाच उतरवायच्या असतात.

पद्धत सोपी आहे. नवा सोर्स उघडा, जुनी ‘.कॉन्फिग’ त्यात ठेवा, ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ चालवा, आणि ‘स्क्रिप्ट्स/डिफकॉन्फिग’ने जुन्या-नव्या कॉन्फिगमधला फरक नजरेखालून घाला. ‘नेटिव्ह’, पीस्टेट आणि ‘मिटिगेशन’चे पर्याय तसेच आहेत याची खात्री करा, मग बिल्ड. चाललेल्या प्रत्येक कर्नलची ‘.कॉन्फिग’ तारीख घालून गिटमध्ये ठेवा. नवा कर्नल आठवडाभर नीट चालला की आपण बनवलेल्यांपैकी सर्वांत जुना ‘अ‍ॅप्ट पर्ज’ने काढा, नाहीतर /बूट भरून पुढच्या वेळी इनिट-रॅम-एफएस अर्धवट बनेल.